अनारसे तुपात हसू नयेत म्हणून

तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, कुटा, चाळा, गूळ घालून चार-पाच दिवस मुरवा. आणि ऐन वेळी अनारसा तुपात पडला की फुटून पसरतो. असा अनारसा हसला की आजी पीठ टाकून द्यायची नाही. तिच्याकडे आधीपासून बाजूला काढलेली वाटी असायची.

१. गूळ मिसळण्याआधी तांदळाच्या पिठीतली एक वाटी वेगळी काढा. आजी ती पितळी डब्यात ठेवायची, आपण सरळ फ्रीजमध्ये ठेवावी.

२. तळायच्या दिवशी सगळे थापत बसू नका. सुपारीएवढा एकच गोळा खसखशीवर थापा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

३. हसला, तर गूळ जास्त झालाय. काढून ठेवलेली पिठी चमचाभर मळा, अर्धा तास झाका, पुन्हा एक तळून बघा. एकदम जास्त घालाल तर अनारसा दगड होतो.

४. जाळी पडली नाही, कडक झाला, तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा मळा. दूधही चालतं, पण केळ्याने जाळी छान पडते असं माझं मत.

तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवा, तूप निथळतं.

केळं किंवा दूध फक्त त्या दिवशी तळायच्या पिठातच घाला. नुसतं गुळाचं पीठ डब्यात बरेच दिवस टिकतं, हे मात्र लगेच आंबतं.