जुनी जपानी तलवार हाती आली? आधी या चुका टाळा

मूठ काढली, आतलं लोखंड गंजलेलं दिसलं आणि ते घासून चकचकीत केलं. जुन्या जपानी तलवारीच्या बाबतीत याहून मोठी चूक नाही. मुठीत लपलेल्या या भागाला नाकागो म्हणतात. त्याच्यावरचा काळपट तपकिरी गंज शेकडो वर्षांत बसलेला असतो आणि त्याचा रंग, पोत पाहूनच जाणकार वयाचा अंदाज बांधतात. लोहाराची सही आणि कानशीच्या तिरप्या-आडव्या खुणाही तिथेच असतात. एकदा घासलं की हा पुरावा गेला. रसायनं लावून चढवलेला नवा गंज सरावलेल्या नजरेला लगेच कळतो. सैल लाल भुकटी असेल तर कोरड्या सुती कापडाने टिपा, पुढे हात लावू नका.

मूठ काढतानाही लोक घाई करतात. मुठीतून आरपार गेलेली मेकुगी, म्हणजे बांबूची खुंटी, एका टोकाला बारीक असते. बारीक टोकाकडून दाबली तर ती निघते, जाड बाजूने ठोकली तर आणखी घट्ट बसते. काही मुठींत, विशेषतः लष्करी तलवारींत, दोन मेकुग्या असतात. मेकुगी काढल्यावर पातं वर, किंचित तिरकं ठेवून मूठ डाव्या हातात धरा आणि उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. पातं सैल होतं. मग पात्याला बोट न लावता हाबाकीला, म्हणजे मुठीलगतच्या धातूच्या पट्टीला धरून ते बाहेर काढा. आणि म्यानातून उपसण्याआधी मेकुगी जागेवर आहे ना, हे दर वेळी पाहा. ती कुजलेली असेल तर पातं मुठीतून सुटून बाहेर येऊ शकतं.

पात्यावरची पॉलिश हा सगळ्यात नाजूक भाग. ती तोगिशी, म्हणजे पॉलिशचा खास कारागीर, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर करतो. पोलादाची वीण आणि धारेवरची पांढुरकी रेषा, हामोन, त्यामुळेच दिसते. सँडपेपर, मेटल पॉलिश किंवा बफिंग व्हील लावलं की कडा गोल होतात, वीण बुजते. दुरुस्त करायचं तर आणखी पोलाद घासावं लागतं आणि पात्यात तेवढं पोलाद पुरवायला असतंच असं नाही.

उचिको या पांढऱ्या पावडरीचाही अतिरेक होतो. ती दगडाची पूड आहे, म्हणजे सौम्य का होईना, घासणारीच. जुनं तेल काढायला साधा, सुगंध किंवा लोशन नसलेला टिश्यू आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पाठीकडून धरून, हाबाकीकडून टोकाकडे पुसा. मग चोजी, म्हणजे पात्याला लावायच्या खास तेलाचा अगदी पातळ थर. थेंब ओघळताना दिसला तर तेल जास्त झालं: ते म्यानाच्या लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि तीच धूळ पुढे ओरखडे काढते. बोटांचा घाम आणि बोलताना उडालेली थुंकीही डाग पाडते, म्हणून उघड्या पात्यावर वाकून बोलत नाहीत.

विकत घेताना सही आधी वाचणं ही नवशिक्याची सवय. खोट्या सहीला गिमेई म्हणतात आणि कोतेत्सुसारख्या मोठ्या नावांच्या गिमेई भरपूर आहेत. सुकेसादा हे नाव तर बिझेन प्रांतातल्या अनेक लोहारांनी वापरलं. त्यांच्या कामात उत्तम पाती आहेत आणि जुन्या यादवी युद्धांच्या काळात घाऊक बनवलेलीही. आधी आकार पाहा, मग पोलाद, मग हामोन, शेवटी सही.

खरा धोका हागिरेचा. ही केसाएवढी चीर धारेतून पात्याच्या आत काटकोनात शिरते आणि पातं त्या जागी मोडू शकतं. उघड्या बल्बखाली, पातं हळूहळू फिरवत धार तपासा. लांबीच्या दिशेने दिसणारी फट बहुधा घडणीतली असते. तो दोष आहे, पण त्याने पातं सहसा बाद होत नाही. हागिरेने होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या मुठी-म्यानावरून आतलं पातं ठरवू नका. अधिकाऱ्यांच्या लष्करी मुठीत कधी कधी घराण्यातलं जुनं पातं सापडतं, तर कधी सेकी या तलवारींच्या गावाचा शिक्का असलेलं, पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं. नाकागो पाहिल्याशिवाय बोलू नये.

जपानमधून मागवताना तोरोकुशो हे नोंदणीपत्र म्हणजे अस्सलपणाचा दाखला, असा समज सर्रास आढळतो. त्यात लांबी, वक्रता, सही वगैरे नोंदलेलं असतं, पण सही खरी आहे असं ते म्हणत नाही. त्यासाठी एनबीटीएचके या १९४८ साली स्थापन झालेल्या, जपानी तलवारींचं जतन करणाऱ्या संस्थेची होझोन, तोकुबेत्सु होझोन अशी प्रमाणपत्रं पाहतात. भारतात आणायची तर शस्त्र अधिनियम, १९५९ खालचा आयात परवाना आधी, पैसे नंतर.

त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, हा आपल्याकडे सहज हातात येणारा भाग आणि बिघडवायलाही तितकाच सोपा. शाकुदो हा तांब्यात थोडं सोनं मिसळलेला मिश्रधातू. त्याची निळसर काळी झाक मुद्दाम आणलेली असते. घरच्या पितळेसारखी त्याला चिंच-मीठ लावलं की झाक उतरून खाली तांबूस धातू उघडा पडतो. लोखंडी त्सुबावरचा लाल गंज मात्र काढायला हवा, पण वायर ब्रश न वापरता. हरणाच्या शिंगाचा किंवा हाडाचा तुकडा टोकदार करून फक्त त्या लाल ठिपक्यावर घासा, मग सुती कापडाने चोळा. महिनाभर रोज दहा मिनिटं दिलीत तर खालची काळी झाक शाबूत राहते.