उकळी फुटली की आच बारीक करा
१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला लागते ती १ किलोकॅलरी उष्णता. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब तोंडी होतो. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी पुरतात, पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी ५४० लागतात! म्हणून उकळी फुटल्यावरही गॅस मोठाच ठेवला तर उघड्या पातेल्यातलं पाणी जास्त तापत नाही, नुसती वाफ होऊन ओट्यावरच्या फरशा घामेजतात. झाकण ठेवा. कुकरचंही तेच, पहिली शिट्टी झाली की आच बारीक. आणि शिट्टी उचलायची घाई नको (आमच्याकडे सगळ्यांनाच असते). वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जबर, कारण पुन्हा पाणी होताना वाफ तिच्यात लपलेली ती जास्तीची उष्णता कातडीवरच सोडते.