महायुद्ध आणि राष्ट्रवाद : उत्तर लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं राज्यशास्त्राचा पेपर लिहितात तेव्हा 'पहिलं महायुद्ध का पेटलं?' याला हमखास एक उत्तर येतं : राष्ट्रवादामुळे. इथेच गुण जातात. राष्ट्रवाद युरोपात त्याआधीही कित्येक दशकं होता. मग भडका १९१४ सालीच का उडाला?

इथे वास्तववाद कामाला येतो, म्हणजे देश आपली सत्ता आणि सुरक्षितता पाहून वागतात असं मानणारा सिद्धान्त. रशियाची ताकद वाढतेय, थांबलो तर तो आवरणार नाही, ही जर्मनीची धास्ती आणि एकमेकांत गुंतलेले करार, यांमुळे २८ जूनला साराजेव्होत झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाचं पाच-सहा आठवड्यांत महायुद्ध झालं. पण ४ ऑगस्टला जर्मनीच्या समाजवादी पक्षानेही संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. कामगारांच्या आंतरराष्ट्रीय एकजुटीची भाषा करणारा पक्ष असा का वळला, हे सत्तासंतुलनातून, म्हणजे देशादेशांतल्या ताकदीच्या तोलातून, कळत नाही. तिथे राष्ट्रवाद आणा. आधी प्रश्न ठरवा, मग सिद्धान्त निवडा.

'वास्तववादी म्हणजे युद्धखोर' असं लिहू नका. अभ्यासक हान्स मॉर्गेन्थाऊ हे वास्तववादाचे मोठे नाव, आणि त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. तसंच, युद्ध अशक्य आहे असं ब्रिटिश लेखक नॉर्मन एंजल महायुद्धाआधी म्हणाले नव्हते; जिंकणाऱ्यालाही त्यातून आर्थिक फायदा होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

मला सर्वांत खुपते ती चूक वेगळीच : सगळं उत्तर युरोपात संपतं. १९१४ चे बरेच योद्धे राष्ट्रं नव्हती, साम्राज्यं होती, आणि साम्राज्यात राहणाऱ्यांचा राष्ट्रवाद सत्ताधाऱ्यांच्या राष्ट्रवादापेक्षा वेगळा असतो. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं उदाहरण घ्या. सैन्यभरतीला त्यांचा पाठिंबा होता, पण स्वराज्याच्या मागणीसह. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने ती मागणी बोलू दिली नाही, तेव्हा ते उठून निघाले. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, तर काँग्रेसची मंत्रिमंडळं पायउतार झाली. 'राष्ट्रवादी म्हणजे युद्धाचा समर्थक' हे समीकरण इथे मोडतं.

त्यापुढे १८ फेब्रुवारी १९४६ लिहा. मुंबईच्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर नौसैनिकांचा संप सुरू झाला, आणि काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिघांचे झेंडे बंडात फडकले. या नौदलात पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची मोठी भरती असे. राज्यसंस्थेलाच, म्हणजे देशालाच, एकमेव पात्र मानणाऱ्या वास्तववादासारख्या सिद्धान्ताला हा खलाशी दिसत नाही. 'आपण कोण' याचं उत्तर बदललं की वागणं बदलतं, हे सांगणारा रचनावाद इथे वापरा.

उदाहरण जवळचंही द्या. गावातल्या जुन्या शाळेत महायुद्धात गेलेल्यांची पाटी असेल, घरात कुणाचं पदक असेल, तर त्याचं साल आणि पलटण टिपून घ्या. फक्त त्यावरून माणूस का गेला, हे परस्पर ठरवू नका. पगार, घराण्याची परंपरा, सक्ती, अभिमान, काहीही असू शकतं.