गोव्याहून त्रिनिदादला जाताना रोजचे जगणे कसे पाहावे

तयारीची सुरुवात पीतज्वराच्या लसीपासून करावी. भारत सरकार त्रिनिदादची गणना पीतज्वराच्या प्रदेशांत करते, त्यामुळे परतताना प्रमाणपत्र जवळ नसेल तर ६ दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात आणि हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य होते. लष्करी छपाईचे कपडे घरीच ठेवावेत. तिथे ते घालणे गुन्हा आहे. कार्निव्हलच्या दिवसांत जाऊ नये असे माझे मत आहे, कारण त्या चार दिवसांत पणजीत तरी आपण पाहुण्याला गोव्याचे रोजचे जगणे कुठे दाखवू शकतो?

पहिली सकाळ डबल्स या तिथल्या न्याहारीच्या गाडीपाशी घालवावी. म्हापशात भाजी-पावासाठी होते तशीच ही गर्दी असते. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या चकत्यांवर चण्याची दाट आमटी आणि कैरीचा कुचेला, म्हणजे किसाचे लोणचे, घालून विक्रेता कागदाची टोके पिळून पुडी हातात देतो. या चकतीला ‘बारा’ म्हणतात, म्हणजे मुळात आपला वडाच. तिखट किती, असे त्याने विचारले की ‘स्लाइट’ म्हणावे. गोव्याच्या जिभेचा अभिमान मी धरला आणि बराच वेळ डोळे पुसत उभा राहिलो.

‘बैगन’, ‘आलू’ हे शब्द ऐकून मात्र कोणाशी हिंदीत बोलू लागू नये. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजाने पहिले करारबद्ध मजूर कलकत्त्याहून तिथे आणले. त्यांच्या वंशजांकडे भोजपुरीतले शब्द उरले असले तरी बोलणे आज तिथल्या इंग्रजीत होते. आपल्या बसमध्ये चढताच ‘फाटीं वच’, म्हणजे मागे जा, असे ऐकू येते. तिथल्या मॅक्सी टॅक्सीत, म्हणजे प्रवाशांच्या छोट्या बसमध्ये, चढताना आपणच सर्वांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, नाहीतर माणूस उद्धट ठरतो. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेटवरून हिरव्या पट्ट्याची गाडी दक्षिणेकडे जाते.

त्याच गाडीने चग्वानासकडे जाताना खिडकीजवळ बसावे आणि हिंदू घरांची अंगणे पाहावीत. आपण तुळशीवृंदावन शोधतो, पण तिथे बांबूवर रंगीत झंड्या फडकत असतात. पूजा झाली की नवी झंडी रोवली जाते, लाल असेल तर बहुधा हनुमानाची. जुनी कोणी काढत नाही, ती उन्हापावसात विटत नव्या झंडीशेजारीच उभी असते.