आगोटीच्या यादीत विजेरी

कोकणात मे महिना संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी सुरू होते. तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी आणि लाकूडफाटा यांच्या जोडीला याच यादीत एक विजेरीही असावी आणि ती पहिल्या पावसाआधी पारखून घेतलेली असावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले, तेव्हा विजेचे खांब शेकड्यांनी आडवे झाले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावांना पुन्हा वीज मिळायला काही आठवडे लागले. अशा काळात प्लगवर अवलंबून असलेली वस्तू दोन-तीन दिवसांत निरुपयोगी होते. मोबाइलचा उजेड त्याहून आधी संपतो, आणि त्याबरोबर खुशाली कळवण्याचे साधनही जाते. म्हणून झोत किती लांब पडतो हा प्रश्न मागे ठेवावा आणि वर्षभर पडून राहिलेली विजेरी ऐन वेळी पेटेल का, एवढेच आधी पाहावे.

या कसोटीवर बाजारातील बऱ्याच स्वस्त चार्जिंगच्या विजेऱ्या टिकत नाहीत. जुन्या धाटणीच्या, मागे दोन पिनांचा प्लग असलेल्या विजेरीत बहुधा लहान लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत काही महिने राहिली की आतील पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग रात्रभर प्लगला लावूनही ती चार्ज धरत नाही. लिथियम सेलच्या विजेऱ्या या बाबतीत बऱ्या असल्या, तरी त्यांच्या सेलवर छापलेले आकडे डोळे झाकून मानू नयेत. 18650 आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते, तेव्हा त्याच आकाराच्या सेलवर 9900 लिहिलेले दिसले, तर तो दुकानदार बाकीचेही काय सांगत असेल याचा अंदाज यावा. अशी विजेरी घरात जरूर असावी, पण ती दुसरी म्हणून.

पहिली विजेरी दोन पेन्सिल सेलवर चालणारी, साधी एलईडीची घ्यावी. हे सेल गावातील किराणा दुकानातही मिळतात आणि अडचण पडलीच तर भिंतीवरच्या घड्याळातून काढून वापरता येतात. तीन बारीक सेल प्लास्टिकच्या गोल पिंजऱ्यात बसवायची जी विजेरी सर्रास विकली जाते, ती शक्यतो टाळावी. तो पिंजराच तिचा सर्वांत कच्चा भाग असतो, त्याच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकतात, गंजतात, आणि अंधारात सेल उलटसुलट बसण्याची भीती वेगळीच. घरात वावरण्यासाठी, पायऱ्या उतरण्यासाठी आणि मीटरपर्यंत जाण्यासाठी तीस ते पन्नास ल्यूमेन (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पुरेसा होतो. किती तास चालते याचा वेष्टनावरील आकडाही सावधपणे वाचावा, कारण रूढ मोजणीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरलेला असतो.

दुकानात सेल घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विजेरी पेटवून तळहातावर दोन-चार वेळा जोरात आपटावी. उजेड लुकलुकला तर स्प्रिंग किंवा बटण ढिले आहे असे समजून ती परत ठेवावी. बटण ‘टक्’ असा आवाज करून बसणारे किंवा सरकवायचे असावे, कारण हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या बटणामागील सर्किट विजेरी बंद असतानाही थोडा थोडा सेल खात राहते. एकदा दाबले की मोठा उजेड, पुन्हा दाबले की लहान, मग लुकलुक आणि त्यानंतर बंद, असल्या करामती घरच्या म्हाताऱ्या माणसांना नकोशा होतात. झाकणाच्या आट्यांशी रबराची कडी आहे का हेही पाहावे; पावसाच्या शिंतोड्यांना तेवढी पुरते. पुराचे पाणी घरात येणाऱ्या भागात मात्र आयपीएक्स 7, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी टिकणारी, असे लिहिलेली विजेरी थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी.

सेलच्या बाबतीत काटकसर करू नये. साध्या झिंक-कार्बन सेलचे जस्ताचे कवचच वापराबरोबर झिजत जाते आणि शेवटी त्याला भोके पडून आतील द्रव बाहेर येतो. अल्कलाइन सेल महाग पडतात, पण कपाटात काही वर्षे नीट राहतात. तेही कधी गळतात, म्हणून ठेवणीतील विजेरीत सेल भरून ठेवू नयेत, पाकिटासकट रबरबँडने तिच्याशीच बांधावेत. रोजच्या हाताशी असलेली विजेरी मात्र भरलेली असावी, ठरलेल्या खिळ्यालाच टांगलेली असावी आणि महिन्यातून एकदा पेटवून पाहावी. जुना सेल नव्याच्या जोडीला घालू नये.

स्लॅबच्या घरात विजेरी पेल्यात उभी ठेवून झोत वर सोडला की छतावरून खोलीभर उजेड पसरतो. कौलारू घरात हा उपाय चालत नाही. तिथे पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली विजेरीवर ठेवावी. जेवणखाण आणि आजारी माणसाची उठबस तेवढ्यात निभावते. रात्री अंगणात जाताना मात्र झोत पावलांच्या पुढे जमिनीवर ठेवावा, पावसाळ्यात फुरसे हा विषारी साप वाटेवरच पडून असतो.

एक गोष्ट घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावी. अंधारात गॅसचा वास आला, तर विजेरीसुद्धा स्वयंपाकघरात पेटवू नये, कारण तिच्या बटणातही ठिणगी पडू शकते. ती बाहेरच पेटवून आत न्यावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे.