चीनच्या प्राचीन प्रदेशनामाचा माग कसा काढावा : ‘शू’ ते सिचुआन

चीनमधील एखाद्या प्राचीन प्रदेशाविषयी लिहायचे ठरवले की पहिली अडचण नावाचीच येते. एकच भूभाग निरनिराळ्या घराण्यांच्या काळात निरनिराळ्या नावांनी भेटतो आणि एकच नाव शे-दोनशे वर्षांत भलत्याच भूभागाला चिकटलेले दिसते. म्हणून आजचा नकाशा उघडून त्यावर जुने नाव शोधण्याऐवजी प्रत्येक कालखंडासाठी चार रकाने आखावेत: नाव, प्रशासकीय दर्जा, मुख्य ठाणे आणि हद्द. या चारही गोष्टी एकाच वेळी बदलत नाहीत, आणि नेमके तिथेच बहुतेकांचे लिखाण फसते. यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यातला सिचुआन प्रदेश, ज्याच्या पश्चिम भागाचे प्राचीन नाव ‘शू’, उदाहरणादाखल घेतला, तर ही पद्धत नीट उलगडते.

सुरुवात ठाण्यापासून करावी. चिनी राज्यकारभारात ‘श्येन’ हा तळाचा घटक सर्वांत टिकाऊ ठरला आहे. वरचे विभाग मोडले, जोडले गेले, तरी श्येनची ठाणी बहुधा जागेवर राहिली. सिचुआनची राजधानी चेंगदू हिचे नाव छिन राज्याच्या काळापासून (इ.स.पू. चौथे शतक) आजतागायत त्याच शहराला लागू आहे, त्यामुळे तो खुंटा पक्का धरून बाकीची नावे त्याच्याभोवती मांडता येतात. त्यानंतर दर्जा तपासावा. हान काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) ‘ज्युन’ म्हणजे अनेक श्येन मिळून झालेला विभाग आणि ‘चौ’ म्हणजे अनेक ज्युनांवर देखरेख ठेवणारा विशाल प्रांत. सुई राजवटीने इ.स. 583 मध्ये ज्युन ही पायरीच काढून टाकली आणि चौ आकसत पूर्वीच्या ज्युनएवढा झाला. थांग काळात (618 ते 907) तर असे तीनशेहून अधिक चौ होते. तेव्हा ‘चौ’ दिसला की सरसकट ‘प्रांत’ असे लिहून मोकळे होऊ नये.

मूळ नोंद कशी वाचावी, हे एका नोंदीवरून पाहू. पहिल्या शतकातील इतिहासकार बान गू याच्या हान इतिहासातील भूगोलाच्या प्रकरणात शू ज्युनची नोंद आहे. त्यात 2,68,279 कुटुंबे आणि 12,45,929 माणसे असा आकडा येतो. हा ज्युन छिनने स्थापला, हान सिंहासन बळकावणाऱ्या वांग मांगने त्याला ‘दाओज्यांग’ म्हटले, तो यीचौ प्रांताच्या अखत्यारीत आहे, अशीही माहिती मिळते आणि पुढे पंधरा श्येनांची यादी लागते. त्यात एकट्या चेंगदूची 76,256 कुटुंबे. एवढ्याशा मजकुरात चारही रकान्यांचा ऐवज आहे, पण प्रत्येक शब्दाचा काळ वेगळा आहे. लोकसंख्या इ.स. 2 मधील मोजणीची, स्थापना त्याआधी तीन शतकांची आणि दाओज्यांग हे नाव फक्त वांग मांगच्या इ.स. 9 ते 23 या राजवटीपुरते. नावे बदलण्याची या गृहस्थाला भारी हौस होती. त्याने दिलेली नावे त्याच्याबरोबरच गेली, म्हणून ती रकान्यात जरूर नोंदवावीत, पण त्यांवर पुढचा इमला रचू नये. ‘छिनने स्थापला’ हे शब्दही जपून वाचावेत: छिनने इ.स.पू. 316 मध्ये शू आणि शेजारचे बा ही राज्ये जिंकली खरी, पण त्यानंतर काही दशके शूमध्ये मांडलिक सरदार ठेवले होते.

नावाच्या त्याहूनही मागे जायचे असल्यास हात अधिकच आखडता घ्यावा. शांग काळातील (इ.स.पू. दुसरे सहस्रक) भविष्यसूचक अस्थींवर, म्हणजे शकुन पाहण्यासाठी वापरलेल्या कोरीव हाडांवर, ‘शू’ म्हणून वाचले जाणारे चिन्ह आढळते, मात्र ते सिचुआनमधल्याच लोकांसाठी होते की काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. छांग छ्यू याने इ.स. चौथ्या शतकात लिहिलेल्या ‘ह्वायांग ग्वोजी’मध्ये शूच्या आद्य राजांची परंपरा दिली आहे, पण हा ग्रंथ त्या राज्याच्या अस्तानंतर सहा शतकांहून अधिक काळाने लिहिला गेला. सिचुआनमधील सानशिंगदुई येथे 1986 मध्ये सापडलेल्या खड्ड्यांतून कांस्याचे भव्य मुखवटे आणि झाडे बाहेर आली, तरी त्या लोकांनी स्वतःला काय म्हणवून घेतले हे सांगणारा वाचता येईल असा लेख मिळालेला नाही. अशा वेळी ‘सानशिंगदुई संस्कृती’ असे स्थळावरून पडलेले नावच वापरावे. मुखवट्यांना दंतकथेतल्या राजांची नावे देण्याचा मोह आवरावा.

समान नावांचा सापळा फार त्रास देतो. हान सम्राट वू याने इ.स.पू. 109 मध्ये द्येन राज्य अंकित करून आजच्या युन्नानमध्ये यीचौ नावाचा ज्युन स्थापला आणि इ.स.पू. 106 मध्ये यीचौ याच नावाचा प्रांत केला, ज्यात सिचुआन, युन्नानचा मोठा भाग आणि सिचुआनच्या उत्तरेचा हानचोंगही आले. म्हणजे यीचौ प्रांतात यीचौ ज्युन, आणि दोघांचे अक्षरही एकच. याउलट थांग काळात पश्चिमेला आजच्या हामीजवळ आणखी एक यीचौ होता, ज्याचे चिनी अक्षर निराळे आहे. पण देवनागरीत किंवा रोमन लिपीत उतरवले की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून टिपणात मूळ चिनी अक्षर लिहून ठेवणे अपरिहार्य आहे. ते येत नसले तरी चित्रासारखे उतरवून घ्यावे.

नाव कोणी दिले, हाही प्रश्न विचारावा. ल्यू बेई याने इ.स. 221 मध्ये चेंगदूला राज्य स्थापले तेव्हा त्याने स्वतःच्या राज्याला ‘हान’ म्हटले, कारण हान घराण्याचा वारस हाच त्याचा दावा होता. ‘शू’ हे नाव त्याच्या राज्याला प्रतिस्पर्ध्यांनी आणि नंतरच्या इतिहासकारांनी दिले. दहाव्या शतकात त्याच भागातल्या दोन राजवटींनी मात्र शू हे नाव आपण होऊन घेतले, आणि त्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून इतिहासकारांनी ‘पूर्व-शू’ व ‘उत्तर-शू’ अशी विशेषणे जोडली. ही कालदर्शक आहेत, दिशादर्शक नाहीत.

सिचुआन या नावाबाबत ‘चार नद्यांचा प्रदेश’ ही व्युत्पत्ती सर्वत्र आढळते. ती ऐकायला गोड आहे, पण कागदपत्रे वेगळे सांगतात. थांग काळात येथे पूर्व आणि पश्चिम ‘छ्वान’ (सिचुआनमधला ‘चुआन’ तो हाच) असे लष्करी विभाग होते. सुंग राजवटीने 965 मध्ये उत्तर-शू जिंकल्यावर हा मुलूख ‘लू’ नावाच्या विभागांत बसवला आणि 1001 मध्ये त्याचे यीचौ, त्सीचौ, लीचौ आणि ख्वेइचौ असे चार लू केले. ‘छ्वान-श्या चार लू’ या सरकारी उल्लेखाचा संक्षेप होऊन सिचुआन हे नाव रूढ झाले. नावातले चार म्हणजे हे चार विभाग. यांपैकी लीचौ लूमध्ये हानचोंग होते, जे युआन काळात (1271 ते 1368) उत्तरेकडच्या शाआन्शी प्रांताकडे गेले. म्हणजे नाव टिकले आणि हद्द सरकली.

साल लिहिताना राज्यवर्षाचा उल्लेखही ठेवावा. वरचे 1001 म्हणजे तेव्हाच्या सुंग सम्राटाच्या ‘शियानफिंग’ या राज्यवर्षनामाचे चौथे वर्ष. चिनी वर्षाचा बारावा महिना बहुधा पुढच्या इसवी सनात जातो, त्यामुळे वर्षअखेरीच्या घटनांत एका वर्षाची तफावत सहज पडते. बा प्रदेशातल्या चोंगचिंग शहराचे उदाहरण तपासणीस सोपे आहे: सुई काळात यूचौ, 1102 मध्ये गोंगचौ आणि 1189 मध्ये, पूर्वी गोंगचा राजपुत्र असलेला सुंग सम्राट ग्वांगत्सोंग सिंहासनावर आल्यावर, चोंगचिंग. आजही चोंगचिंगचे एकाक्षरी संक्षिप्त नाव ‘यू’ हेच आहे.

शेवटचा थर आधुनिक आहे. चोंगचिंग 1997 मध्ये सिचुआनपासून वेगळे होऊन केंद्राच्या थेट अखत्यारीत गेले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या सिचुआनचे आकडे शेजारी ठेवताना हद्दीच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहावे. हद्दी आखण्यासाठी थान छीश्यांग यांच्या संपादनाखाली निघालेला आठ खंडांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह उपयोगी पडतो. मात्र त्यातला प्रत्येक नकाशा एका ठरावीक वर्षाच्या आसपासचा असतो, म्हणून आपल्या नोंदीचे साल आणि नकाशाचे साल आधी ताडून पाहावे.