घरातल्या शूटिंगमध्ये उजेड आणि फोकस कसा सांभाळावा

कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं), शटर १/५० (प्रत्येक चित्रावर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड पडतो). आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या शटरला घरातले दिवे सहसा लुकलुकत नाहीत.

छताची ट्यूबलाइट बंद करा, तिच्याने डोळ्यांखाली काळं पडतं. एक एलईडी बाजूने लावा, उजेड मऊ करायला पुढे बटर पेपर, तो परतवायला समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल. उजेड कमी पडला तर दुसरा दिवा आणायला धावू नका. आहे तोच जवळ घ्या. अंतर निम्मं झालं की उजेड जवळपास चौपट होतो.

हा उजेड लागतो तो फोकससाठी. ‘लेन्स पूर्ण उघडा, मागचं धूसर होऊ द्या, सिनेमासारखं दिसतं’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी ऐकला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत आई चालत येते, असा शॉट ५० मिमी लेन्सवर, एफ १.८ ला घेतला (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसलं. रात्री लॅपटॉपवर पाहिलं तर कान स्पष्ट आणि डोळे धूसर! आईचं काम करणाऱ्या काकू तोवर गावी परतल्या होत्या. तो प्रसंग फिल्ममधून काढावा लागला, ते अजून सलतं.

याच लेन्सवर, क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात दोन मीटरला एफ १.८ ठेवलं तर जेमतेम ११-१२ सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते. एफ ४ ला ती २५ च्या आसपास जाते, पण उजेड पाचपट लागतो. तो द्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) थोडा वाढला, दाणे दिसले, तरी चालेल; हुकलेला फोकस एडिटिंगमध्ये परत येत नाही.

मग फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. कलाकाराला पहिल्या खुणेवर उभं करा, स्क्रीनवर चित्र मोठं करून जवळच्या डोळ्यावर फोकस लावा, लेन्सच्या रिंगवर कागदी टेप लावून पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या खुणेवर तेच. एक सावधगिरी: बऱ्याच नव्या ऑटोफोकस लेन्सची रिंग नुसती इलेक्ट्रॉनिक असते. ती भरभर फिरवली की रेघ चुकते. मेनूत ‘लिनियर’चा (रिंग जितकी फिरेल तितकाच फोकस सरकण्याचा) पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर जुनी मॅन्युअल लेन्स मागून आणा.

कलाकार चालताना रिंग एका रेघेवरून दुसरीवर फिरवा; तेव्हा स्क्रीनकडे नाही, कलाकाराच्या पावलांकडे बघा. स्क्रीनवर धूसर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तीन-चार तालमी कराच.

टेक झाला की तो मोठा करून डोळे तपासा. त्याआधी दिव्याला कुणी हात लावायचा नाही.